पालिकेचा दंड आला आणि खिशात पैसे नाहीत: गोव्यातल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

पालिकेच्या ऑफिससमोर माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. कुठल्या पालिकेसमोर ते सांगत नाही, उद्या सकाळी शटर तिथेच वर करायचंय. दिवसाला दोन-तीन माणसं तरी हातात दंडाची पावती नाहीतर नोटीस घेऊन येतात, सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच, म्हणून म्हटलं एकदाचं लिहून काढूया. मी वकील नाही, पण अर्ज टाईप करून करून कलमं पाठ झालीत, आणि जे दुकानात येणाऱ्या वकिलांकडून पडताळून घेतलंय तेवढंच इथे टाकलंय.

किरकोळ दंड म्हणजे नक्की कुठले?

उघड्यावर कचरा टाकला, ओला-सुका वेगळा केला नाही, पालापाचोळा जाळला, पातळ प्लास्टिकची पिशवी दिली, रस्त्यावर थुंकला, फुटपाथवर सामान मांडलं, परवानगी न घेता बॅनर लावला, असले सगळे. बेकायदा बांधकाम यात येत नाही. तशी नोटीस आली असेल तर हे वाचत बसू नका, सरळ वकील गाठा, तिथे मुदत चुकली की भिंत जाते.

दंड केला कोणी हेच कळत नाही, पावतीवर नुसता शिक्का आहे.

हे आधी शोधायचं, कारण अर्ज चुकीच्या खिडकीवर दिला तर आठवडा फुकट जातो. पणजीत असाल तर महापालिका, तिचा कायदा 2002 चा. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली वगैरे 13 पालिका 1968 च्या गोवा नगरपालिका कायद्याखाली चालतात. गावात राहत असाल तर पंचायत, तिला 1994 चा पंचायत राज कायदा, आणि अशा 191 पंचायती आहेत. गंमत अशी की रस्त्याच्या एका बाजूला पालिका आणि दुसऱ्या बाजूला पंचायत असते, आणि कचरा नेमका मधे पडलेला असतो.

आणि तालांव, म्हणजे दंडाचं चलान, हा शब्द आपल्याकडे सगळ्यालाच वापरतात. हेल्मेटचा तालांव ट्रॅफिक पोलिसांचा नाहीतर आरटीओचा, त्याच्याशी पालिकेचा काडीचा संबंध नाही. मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड गोव्यात 1 एप्रिल 2022 पासून लागले, तेव्हा पहिले दोन महिने लोक माझ्याकडे येऊन पालिकेला शिव्या घालायचे, तिथली माणसं बिचारी बघत राहायची.

जागेवरच पैसे मागतात, द्यायलाच हवेत का?

चूक मान्य असेल, रक्कम परवडत असेल आणि पावती मिळत असेल तर देऊन मोकळं व्हा, ते सगळ्यात स्वस्त पडतं. 2016 च्या घनकचरा नियमांनी पालिका-पंचायतींना जागेवर दंड करता येईल असे बायलॉज, म्हणजे स्वतःचे उपनियम, करायला सांगितलं होतं, त्यामुळे हे काही इन्स्पेक्टरच्या मनातलं नसतं.

चूक मान्य नसेल किंवा तेवढे पैसे नसतील तर "मला लेखी नोटीस द्या, मी ऑफिसात येऊन उत्तर देतो" असं शांतपणे म्हणायचं. भांडायचं नाही, व्हिडिओ काढत "मी कोण आहे माहीत आहे का" तर अजिबातच नाही. मग ते नोटीस देतात किंवा प्रकरण कोर्टात पाठवतात, आणि कोर्टात खरं सांगायचं तर गरीब माणसाला पालिकेच्या खिडकीपेक्षा जास्त वाव असतो, ते पुढे येतंच.

पावती नाही तर पैसे नाहीत. हे वाक्य पाठ करा.

पावतीवर काय काय बघायचं?

तारीख, वेळ, जागा, कुठला कायदा किंवा बायलॉ आणि त्याचं कलम, रक्कम आकड्यात आणि अक्षरात, आणि ज्याने दंड केला त्याचं नाव आणि हुद्दा. कलमाची जागा कोरी असेल तर तिथल्या तिथे भरून मागा. मागच्या पावसात एक पोदेर आला होता, सायकलवरून पाव विकणारा, त्याच्या पावतीवर कारणाच्या रकान्यात फक्त "कचरा" लिहिलेलं. कसला कचरा, कुठे, कधी, काही नाही. मी अर्जात एवढंच विचारलं की कुठल्या कलमाखाली आणि कुठल्या जागेवर ते कृपया कळवा. पुढे काही आलंच नाही, दंडही नाही आणि उत्तरही नाही.

आधी शंभर-दोनशे होते, आता हजारात दंड कसे गेले?

याचं उत्तर लांब आहे पण मला हाच भाग आवडतो म्हणून थांबा जरा.

कायद्यात दंडाचा आकडा एकदा छापला की तो तसाच पडून राहतो, आणि रुपया मात्र लहान होत जातो. 1860 च्या दंडसंहितेत असं होतं की नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात दंड नाही भरला तर 50 रुपयांपर्यंतच्या दंडाला जास्तीत जास्त दोन महिने कैद आणि 100 पर्यंतच्याला चार महिने. 1860 साली 50 रुपये म्हणजे माणूस बुडायचा. पण हाच आकडा थेट 30 जून 2024 पर्यंत पुस्तकात होता. 1 जुलै 2024 ला भारतीय न्याय संहिता लागली तेव्हा 50 चे 5,000 झाले आणि 100 चे 10,000, महिने तेवढेच राहिले. रस्ता अडवल्याचा दंड जुन्या कायद्यात 200 पर्यंत होता, आता 5,000 पर्यंत. सार्वजनिक उपद्रवाचा 200 वरून 1,000.

उलट उदाहरण पण आहे. सार्वजनिक जागी सिगरेट ओढायचा 2003 च्या केंद्रीय कायद्यातला दंड 200 रुपये, तो वीस वर्षांत हललाच नाही, आता कोणी त्याला भीकच घालत नाही. गोव्याने तर 1997 मध्येच धूम्रपान आणि थुंकण्यावर स्वतःचा कायदा केला होता, आपण तेव्हा सगळ्यांच्या पुढे होतो, आता मार्केटच्या जिन्याचे कोपरे जाऊन बघा.

म्हणून मग सरकारने दुसरी वाट धरली. 2023 च्या जनविश्वास कायद्याने 42 केंद्रीय कायद्यांतली 183 कलमं सौम्य केली, बऱ्याच ठिकाणी तुरुंग काढून पैशांचा दंड ठेवला, आणि त्यातच लिहून टाकलं की दर तीन वर्षांनी किमान रकमेच्या 10 टक्के वाढ आपोआप. म्हणजे आता या कायद्यांत आकडा दीडशे वर्षं झोपून राहणार नाही. हे बरं की वाईट? माझ्या मते आकडा वाढणं ठीक आहे, सगळ्यांना एकच आकडा हे ठीक नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2,000 मिळतात त्या म्हातारीला 2,000 चा दंड म्हणजे अख्खा महिना गेला, आणि कळंगुटच्या हॉटेलवाल्याला तोच 2,000 म्हणजे एका टेबलाचं बिल.

चूक मार्चमधली, दर एप्रिलपासून वाढला, नवीन दराने मागतायत.

चालणार नाही. संविधानाचं कलम 20(1) सांगतं की चूक केली त्या दिवशी कायद्यात जेवढी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही. अर्जात तारीख लिहा, जुना दर लिहा, फरक वजा करून मागा. बहुतेक वेळा हे कॉम्प्युटरमध्ये नवा दर घातल्यामुळे झालेलं असतं, वाईट हेतू नसतो, पण निस्तरायचं तुम्हालाच. जर चूक रोज चालूच असेल, म्हणजे सामान अजून फुटपाथवरच असेल, तर मात्र हा मुद्दा लंगडा पडतो.

नवीन दर ठरवताना आम्हाला कोणी विचारलंच नाही.

विचारतात, पण राजपत्रात आणि नोटीस बोर्डावर विचारतात, आणि ते वाचतो कोण. बायलॉज बदलायचे तर पालिका मंडळाचा ठराव, मसुदा जाहीर करणं, लोकांच्या हरकती-सूचना, सरकारची मंजुरी आणि मग राजपत्र अशी पायरी असते. हरकतीच्या मुदतीत एक पान दिलं तरी ते फाईलला लागतं. मुदत संपल्यावर मीटिंगमध्ये जाऊन आरडाओरडा करणारे मी बरेच बघितले, मुदतीत पान देणारे फार थोडे.

पैसे नाहीत म्हणून दंड कमी करायचा फॉर्म कुठे मिळतो?

मिळत नाही. इतक्या वर्षांत "आर्थिक अडचण सवलत" नावाचा फॉर्म मी कुठल्याच खिडकीवर बघितला नाही, आणि लोक इथेच हरतात, कारण फॉर्म नाही म्हणजे सोय नाही असं धरून घरी जातात. सोय आहे पण ती तुकड्या-तुकड्यात विखुरलेली आहे. कायदा "इतक्यापर्यंत" म्हणतो तिथे कमी लावायचा अधिकार असतो, कोर्टात हप्ते मिळतात, पहिल्या चुकीला समज देऊन सोडता येतं, फेरीवाल्यांना वेगळं संरक्षण आहे, वकील फुकट मिळतो. हे सगळं आहे, पण मागितल्याशिवाय कोणी ताटात वाढत नाही.

दुसरीकडे हे एकाच जागी लिहिलेलं असतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 2018 मध्ये एबी 2598 नावाचा कायदा केला, त्यात शहरांना इमारत-सुरक्षेच्या किरकोळ चुकांचे दंड वाढवायला दिले, 100, 500, 1,000 डॉलरचे 130, 700, 1,300 केले, पण त्याच कायद्यात अट घातली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या वाढीव दंडाला सवलतीची पद्धत पण ठेवायची. माणसाने चूक सुधारायचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि पूर्ण रक्कम झेपत नाही हे दाखवलं की दंड कमी. वाढ आणि सवलत एकाच कागदावर. आपल्याकडे पुढच्या वेळी बायलॉज दुरुस्त होतील तेव्हा हरकतीत हेच एक वाक्य घाला की राव.

मग अर्जात नेमकं काय लिहू?

रडू नका. पहिल्यांदा अर्ज लिहायला बसलेला माणूस दीड पान गरिबी लिहितो आणि काय पाहिजे ते लिहायलाच विसरतो. मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर ढीग असतो, त्याला तीन गोष्टी पाहिजेत: काय झालं, तुम्ही काय सुधारलं, तुम्हाला काय हवंय. मी साधारण असं टाईप करते:

"महोदय, दिनांक अमुकच्या पावती क्रमांक अमुकप्रमाणे मला रु. 2,000 दंड झाला आहे. चूक माझी पहिलीच असून ती मी त्याच दिवशी दुरुस्त केली आहे, फोटो सोबत जोडला आहे. माझे मासिक उत्पन्न रु. 9,000 असून घरात चार माणसे आहेत. तरी नियमात असलेली किमान रक्कम लावावी, किंवा रक्कम चार हप्त्यांत भरण्याची परवानगी द्यावी, आणि निर्णय लेखी कळवावा."

एवढंच. "किंवा" महत्त्वाचा आहे, एकच मागणी केली की नाही म्हणणं सोपं जातं. "लेखी कळवावा" त्याहून महत्त्वाचं, कारण पुढे अपील करायचं तर हातात नकाराचा कागद लागतो. दोन प्रती न्यायच्या, एक इनवर्डला, म्हणजे आवक खिडकीवर, द्यायची आणि दुसरीवर शिक्का, नंबर आणि तारीख मारून घ्यायची. तो शिक्का मारायला टाळाटाळ करतात कधी कधी, "साहेब आल्यावर बघतो" म्हणतात. साहेब येऊदे की न येऊदे, शिक्का इनवर्डवालाच मारतो, खिडकीसमोरून हलू नका. मराठीत किंवा कोंकणीत अर्ज दिला तर चालतो, इंग्लिशच पाहिजे असं काही नाही, उगाच माझ्याकडे ट्रान्सलेशनचे पैसे घालवू नका.

उत्पन्न कमी आहे हे कसं दाखवू?

रेशन कार्ड अंत्योदय किंवा प्राधान्य गटाचं असेल तर त्याची झेरॉक्स. गृहआधार किंवा दयानंद योजनेचं मंजुरीपत्र, बँकेच्या पासबुकाचं शेवटचं पान जिथे ते पैसे जमा झालेले दिसतात. दिव्यांग असाल तर यूडीआयडी कार्ड. मामलेदाराचा उत्पन्नाचा दाखला सगळ्यात भारी, पण दोन हजारांच्या दंडासाठी त्याच्यामागे चार दिवस मजुरी बुडवणार असाल तर आधी पासबुक लावून बघा. एका ताईने घरकाम करते त्या तीन घरांच्या बायांकडून साध्या वहीच्या पानावर "आमच्याकडे कामाला आहे, महिना इतके देतो" असं लिहून आणलं होतं, ते सुद्धा चाललं.

हप्ते खरंच मिळतात?

कोर्टात मिळतात, हे कायद्यातच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 464, जुन्या सीआरपीसीत, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेत, हेच 424 होतं. फक्त दंडाची शिक्षा झाली असेल आणि तो लगेच भरता येत नसेल तर कोर्ट 30 दिवसांची मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते करून देऊ शकतं, पहिला 30 दिवसांत आणि पुढचे जास्तीत जास्त 30-30 दिवसांच्या अंतराने. बाँड लिहून द्यावा लागतो. पण तिथे तोंड उघडून "साहेब, एकदम जमणार नाही" म्हणावं लागतं. बरेच जण लाजेने मान हलवतात आणि मग बाहेर येऊन सावकाराकडे जातात.

पालिकेत असं ठरलेलं कलम हाताशी नसतं, तिथे अधिकाऱ्याच्या विवेकावर. मिळतं कधी, कधी नाही. घरपट्टीची थकबाकी असेल तर खात्यात जाऊन भाग-भाग भरतो म्हणून विचारा.

पहिल्यांदाच झालं, समज देऊन सोडत नाहीत का?

सोडू शकतात. सुरक्षा संहितेचं कलम 401 आणि 1958 चा परिवीक्षा कायदा, दोन्हीत पहिल्या वेळेच्या छोट्या गुन्ह्याला ताकीद देऊन सोडायची सोय आहे, नुसत्या दंडाचे गुन्हे पण त्यात बसतात. वकिलाने "पहिली चूक, वय, परिस्थिती" असं मांडलं तर न्यायाधीश ऐकतात. हे मागणाऱ्यांचं प्रमाण नगण्य, कारण दोन हजारांसाठी वकील कोण करणार. म्हणून खालचा फुकट वकिलाचा प्रश्न वाचा.

मी फेरीवाली आहे, सामानच उचलून नेलं.

हा प्रश्न चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी दर वर्षी येतो. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान घेऊन सत्तरीतून, धारबांदोड्यातून बायका पहाटेच्या बसने येतात, जागा मिळाली नाही की पट्ट्याच्या बाहेर बसतात आणि मग ट्रक येतो.

दोन वर्षांमागची गोष्ट. साठीच्या पुढची एक मावशी दुपारी बारा वाजता दुकानात आली, हात चिखलाचे, पदर कमरेला खोचलेला, रडत नव्हती पण बोलत पण नव्हती. सुपारीची शिपटी, आंबाडे, तोरिंजनं, चिबूड, दोन टोपल्या भरून उचलून नेल्या होत्या आणि हातात कागदाचा चिटोरा नाही. चवथ दुसऱ्या दिवशी. म्हणजे तो माल संध्याकाळी मिळाला तर पैसे, परवा मिळाला तर शेण.

2014 चा फेरीवाला कायदा काढला. त्याचं कलम 19 म्हणतं, माल जप्त केला तर त्याची यादी फेरीवाल्याला द्यायलाच हवी, नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत, आणि न नासणारा दोन कामाच्या दिवसांत, ठरलेली फी भरून. सहा ओळींचा अर्ज केला, वर मोठ्या अक्षरात "नाशवंत माल" लिहिलं, माल तिलाच आठवून सांगायला लावला आणि यादी जोडली. इनवर्डवर शिक्का एक वाजता, माल साडेचारला. चिबडांतले निम्मे फुटलेले, पण शिपटी शाबूत होती. तिने फेरीच्या, म्हणजे चवथीच्या बाजाराच्या, तोंडाशी उभ्या उभ्याच विकून टाकली आणि जाताना मला एक तोरिंजन ठेवून गेली, टायपिंगचे पैसे मी घेतले नाहीत तर तिला ते पटलं नसतं म्हणून मी दहा रुपये घेतले.

याच कायद्याच्या बाकीच्या गोष्टी पण ध्यानात ठेवा. दंड प्रत्येक चुकीला जास्तीत जास्त 2,000, हे कलम 28, "पर्यंत" आहे, म्हणजे 300 पण लावता येतो. हटवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस. सर्वे होऊन सर्टिफिकेट वाटप होईपर्यंत जुन्या फेरीवाल्यांना काढता येत नाही. नगर फेरीवाला समितीत 40 टक्के जागा फेरीवाल्यांच्याच, तिथे तुमची माणसं कोण आहेत ते शोधा.

सोपोची, म्हणजे बाजारात बसायच्या फीची, पावती म्हणजे लायसन्स नव्हे, पण इतकी वर्षं तुम्ही तिथे बसताय याचा पुरावा म्हणून चालते, त्या चिठ्ठ्या फेकू नका. सोपोवाला पैसे घेऊन पावती फाडत नसेल तर वर पावतीबद्दल लिहिलेलं वाक्य परत वाचा.

मी मासे विकते, पिशवी गिऱ्हाईकच मागतं, दंड मात्र मला.

खरंय, आणि यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. पिशवी 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनच्या खाली चालत नाही, आणि देणारा धरला जातो. होलसेलवाल्याकडून बिल मागून घ्या, म्हणजे निदान कुठून आली हे सांगता येईल. दोन जुनी वर्तमानपत्रं आणि एक पान यावर आपल्या आज्यांनी आयुष्य काढलं हे मी बोलून दाखवलं तर एकीने मला सुरी दाखवली होती.

कचरा भाडेकरूने टाकला, नोटीस माझ्या नावाने.

पिशवी फोडून बघतात, आत कुरियरचं लेबल नाहीतर लाईटचं बिल सापडलं की त्या नावाला नोटीस. बिल घरमालकाच्या नावाचं असतं. उत्तरात भाडेकराराची प्रत लावा आणि भाडेकरूचं नाव कळवा. करारच केला नसेल तर बोलायला जागा राहत नाही, आणि एका दंडापायी विनाकरार भाड्याने ठेवल्याचं दुसरं झेंगट मागे लागतं. पुढच्या वेळी करारात एक ओळ घाला की कचऱ्याचा दंड राहणाऱ्याचा.

बागेतला पालापाचोळा जाळला, 5,000 म्हणतात, हे जरा अति नाही?

राष्ट्रीय हरित लवादाने 22 डिसेंबर 2016 ला देशभर सांगितलं, उघड्यावर कचरा जाळला तर साध्या प्रकरणात 5,000 आणि मोठ्या प्रमाणात असेल तर 25,000. इथे पालिकेच्या हातात फारसं नसतं. शेजाऱ्याने तक्रार केली असेल तर आधी शेजाऱ्याशी बोला, गोव्यात निम्मे दंड कुंपणावरच्या भांडणातून जन्मतात.

किनाऱ्यावर बाटली घेऊन बसलेल्या पोरांचा दंड?

तो पर्यटन खात्याचा, पालिकेचा नव्हे. 2019 च्या दुरुस्तीत एकट्याला 2,000 आणि गटाला 10,000 होता, 2025 च्या दुरुस्तीनंतर 5,000 पासून एक लाखापर्यंत गेला. इथे गरिबीचा अर्ज टाईप करायला आलेल्या दोन पोरांना मी परत पाठवलं, एकाच्या हातात नवा आयफोन होता.

दंड नाही भरला तर सरळ तुरुंग?

सरळ नाही. आधी नोटीस, मग कोर्टाचं समन्स, मग दंडाचा आदेश, आणि तो नाही पाळला तर वसुली किंवा साधी कैद. नुसत्या दंडाच्या गुन्ह्यात 5,000 पर्यंतच्या दंडाला कमाल दोन महिने, वर लिहिलंच. थोडी रक्कम भरली तर कैद त्या प्रमाणात कमी होते, म्हणून जमेल तेवढं भरत राहा. समन्स आलं आणि गेलाच नाहीत तर वॉरंट निघू शकतं, आणि बहुतेकांना त्रास दंडापेक्षा या न जाण्याचाच होतो. काही छोट्या प्रकरणांत पोस्टाने गुन्हा कबूल करून रक्कम पाठवायची सोय असते, समन्सवरच तसं लिहिलेलं असतं, पाठची बाजू वाचा.

आठ महिन्यांनी नोटीस आली, आता चालते?

फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याला कोर्टात जायची मुदत सहा महिने, सुरक्षा संहितेचं कलम 514. म्हणजे उत्तरात घटनेची तारीख ठळक लिहा आणि हा मुद्दा पहिल्याच परिच्छेदात. पालिकेची थकबाकी आणि कर याला हे लागू नाही, तिथे गल्लत करू नका.

वकील परवडत नाही.

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली फुकट मिळतो. बाई असाल, अनुसूचित जाती-जमातीच्या असाल, दिव्यांग असाल, औद्योगिक कामगार असाल, तर उत्पन्न बघतच नाहीत, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाईन 15100. उत्तर गोव्याचं जिल्हा न्यायालय मेरशीला, दक्षिणेचं मडगावला, तिथे जाऊन "लीगल एड कुठे" एवढं विचारा, शिपाई दाखवतो. लोकअदालत लागते तेव्हा असली छोटी प्रकरणं एका बैठकीत मिटतात, रक्कम कमी करून मिळते बऱ्याचदा, पण तिथे एकदा सही केली की त्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी आकडा नीट ऐका.

नगरसेवकाला फोन केला तर काम होत नाही का?

होतं कधी कधी, कशाला खोटं बोलू. पण तसा सोडवलेला दंड कागदावर तसाच पडलेला असतो. निवडणूक झाली, माणूस बदलला, की तीन वर्षांनी ट्रेड लायसन्स रिन्यू करताना तोच दंड समोर येतो, आणि आता फोन उचलायला कोणी नसतं. फोन करायचा तर करा, पण अर्ज इनवर्ड करून मग करा.

अर्ज दिला, दोन महिने उत्तरच नाही.

माहिती अधिकारात अर्ज टाका, 10 रुपये, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही नाहीत, 30 दिवसांत उत्तर. "माझा इनवर्ड क्रमांक अमुकचा अर्ज सध्या कुठल्या टेबलावर आहे आणि त्यावर काय शेरा आहे" एवढाच प्रश्न विचारा, सगळ्या पालिकेचा इतिहास मागू नका. आरटीआय गेला की मूळ अर्जाचं उत्तर बऱ्याचदा आधी येतं. तरीही नाही आलं तर पालिकेसाठी पणजीत नगरविकास संचालनालय, पंचायतीसाठी गटविकास अधिकारी.

दंड भरला, विषय संपला, कागद फेकू?

नको! आणि मशीनमधून निघालेली ती चकचकीत पावती असेल ना, तिची आजच झेरॉक्स काढा, ती शाई पावसाळ्याच्या दमटपणात चार-सहा महिन्यांत उडते आणि हातात कोरा पांढरा तुकडा उरतो. तसा तुकडा घेऊन "मी भरलेत हो" म्हणत आलेली माणसं मी बघितलीत, त्यातल्या एकाला परत भरावे लागले. झेरॉक्स माझ्याकडेच काढा असं नाही, कुठेही काढा.